सहावा मजला, लिफ्ट नाही

आमच्या गल्लीत बातमी पेपरच्या आधी दुधाबरोबर येते. शेजारच्या वहिनी मे महिन्यात पॅरिसला निघाल्यात, हे मला दूधवाल्यानं सांगितलं. टूरवाल्यांबरोबर नाही, दोघंच. सात रात्री एकाच गावात, आणि हॉटेल नव्हे तर भाड्याचा फ्लॅट. उभ्या आयुष्यात परदेश न पाहिलेली माणसं! मग काय, संक्रांतीनंतरच्या त्या आठवड्यात मला कढीपत्ता जरा जास्तच लागायला लागला. झाड नेमकं दोघींच्या भिंतीला लागून आहे.

“ऐकलं ते खरं का हो वहिनी?”

“दूधवाल्यानं सांगितलं ना? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.” वहिनी धुणं वाळत घालत होत्या. ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून भिंतीशी आल्या. “खरं आहे. ह्यांना बँकेतून रिटायर होऊन वर्ष झालं. मी म्हटलं, सात देश नकोत आणि पहाटे पाचला सूटकेस दाराबाहेर ठेवणं नको. एकच गाव बघू, पण आपल्या पायानं आणि आपल्या वेळेनं. सकाळचा चहा आपण करायचा, रात्री मुगाची खिचडी. तुमची लेक होती ना तिथं शिकायला? बघा बरं जरा हे.”

भिंतीवरून मोबाइल माझ्या हातात आला. लेक तिकडे होती तेव्हा मी तिच्याकडे राहून आले, तेव्हापासून पॅरिस ह्या एका विषयात गल्लीत माझा शब्द चालतो. बाकीच्या विषयांत कोणी विचारत नाही.

पहिलाच फ्लॅट ऐसपैस निघाला. 40 चौरस मीटर, म्हणजे आपले 430 चौरस फूट. चौघांची सोय, आणि रात्रीचं भाडं बाकीच्यांच्या निम्मं. वर ठळक अक्षरांत ‘पॅरिस’.

“पिन कोड बघा आधी.”

“93 नं सुरू होतोय. का हो?”

“मग ते पॅरिस नाही, वहिनी. पॅरिसचा पिन 75 नं सुरू होतो. 92, 93, 94 ही भोवतालची उपनगरं. आणि 75 वाल्या पिनचे शेवटचे दोन आकडे म्हणजे वॉर्ड. 75001 पहिला, 75020 विसावा. पहिला वॉर्ड मधोमध, लूव्र संग्रहालयापाशी, आणि तिथून चकली पाडत जावं तसे बाकीचे बाहेर बाहेर. विसावा पार पूर्वेच्या कडेला. 1860 पासून हेच वीस आहेत. रस्त्याच्या निळ्या पाटीवरही नावाच्या वर वॉर्डाचा आकडा असतो, त्यामुळे चुकलात तरी कुठल्या वॉर्डात चुकलात ते कळतं.”

“आणि हे 93 वालं वाईट म्हणता?”

“वाईट कशाला? हे सॅं-दनी दिसतंय. फ्रान्सचे राजे तिथल्याच बॅसिलिकात पुरलेत. पण त्या राजांना रात्री अकराला आयफेल टॉवर बघून परत यायचं नव्हतं. तुम्हाला यायचंय. तिथं मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, दिवे लागेपर्यंत थांबायचं म्हटलं की उशीर होणारच. रोज जाता-येता एकेक तास गेला तर वाचलेले पैसे कुठे गेले?”

वहिनींनी तो फ्लॅट काढून टाकला आणि जरा खाली आवाजात म्हणाल्या, “आता हा बघा. हा मला मनातून घ्यायचाय.”

सातवा वॉर्ड. लाल जिरेनियमच्या कुंड्या, पांढरा पडदा, आणि पडद्याच्या फटीतून आयफेल टॉवर. मला हसू आलं, कारण मागच्या गल्लीतले डॉक्टर जाऊन आले ते अशाच घरात. त्यांच्या बायकोनं भिशीत सगळं सांगितलंय. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून मान उजवीकडे वळवली की टॉवरचं टोक दिसायचं. डॉक्टर फोटो काढायला वाकले की ह्या मागून त्यांचा पट्टा धरून उभ्या. सगळी सहल पट्टा धरण्यात गेली म्हणतात. आणि येताना सहा जिने!

“मजला कितवा लिहिलाय?” मी विचारलं.

“सहावा. लिफ्टचं काही लिहिलेलं नाही.”

“म्हणजे नाही. असती तर सगळ्यात आधी लिहिली असती.”

हे सहाव्या मजल्याचं प्रकरण मला लेकीच्या घरमालकिणीनं समजावलं होतं, म्हणून मी वहिनींना सगळंच सांगितलं. आज पॅरिस म्हणून आपण जे फोटो बघतो, ती पिवळसर दगडाची, लोखंडी कठड्यांची एकसारखी घरं, ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. ओस्मान नावाचा अधिकारी 1853 ते 1870 तिथं होता, त्यानं जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले आणि त्यांच्या कडेनं ही घरं उभी राहिली. तेव्हा लिफ्ट नव्हत्या, म्हणून श्रीमंत माणसं खालच्या मजल्यांवर राहायची आणि त्यांच्या मोलकरणी अगदी वर, छपराखालच्या खोल्यांत. मोलकरणींचा जिनासुद्धा वेगळा, मागच्या अंगाचा आणि अरुंद. पुढे लिफ्ट आल्या त्या जिन्याच्या मधल्या पोकळीत कशाबशा कोंबलेल्या. दोन माणसं मावतात, नाहीतर एक माणूस आणि एक सूटकेस. आणि कित्येक ठिकाणी ती लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जातच नाही. त्या मोलकरणींच्या खोल्या आता ‘रोमँटिक घरटं’ म्हणून पाहुण्यांना मिळतात.

“आणि छप्पर जस्ताच्या पत्र्याचं,” मी म्हटलं. “ते पत्रे घडवणाऱ्यांच्या कारागिरीला 2024 मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला. मान रास्तच आहे, पण त्या पत्र्याखाली जुलैत झोपून बघा. घरांत एसी सहसा नसतात. जुलै 2019 मध्ये पॅरिसचं तापमान 42.6 अंशांवर गेलं होतं. तुम्ही मेमध्ये जाताय म्हणून बोलत नाही. पण गुडघे?”

“माझे ठीक आहेत. ह्यांचा डावा कुरकुरतो.”

“तिथल्या जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळानं आपला आपण विझतो. भाऊ चौथ्या मजल्यावर दम खात उभे राहिलेत आणि दिवा गेला, असं होणार.”

“कोण चौथ्या मजल्यावर उभं राहिलंय?” आतून भाऊच आले. हातात वही. बँकेतला माणूस, फ्लॅट बघण्यासाठीसुद्धा लेजर उघडलंय. आडव्या ओळीत फ्लॅट, उभ्या रकान्यात भाडं, साफसफाई, वेबसाइटचं कमिशन, कर.

भाऊंचं म्हणणं मला पटलं, म्हणून इथे देते. यादीत दिसणारा रात्रीचा आकडा वाचायचाच नाही. शेवटच्या पानावर सगळं मिळून जे होतं त्याला रात्रींनी भागायचं. समजा साफसफाईचे 70 युरो लावलेत. तीन रात्री राहिलात तर प्रत्येक रात्रीवर 23 युरो चढले, सात रात्री राहिलात तर 10. म्हणजे दोन-तीन रात्रींसाठी साधं हॉटेल बरं आणि आठवडा राहायचं तर फ्लॅट परवडतो. पाहुण्यांवरचा कर माणशी आणि रात्रीमागे असतो, आणि पॅरिसमध्ये तो 2024 पासून चांगलाच वाढलाय. काही घरमालक तो आधी दाखवत नाहीत. काही जण रात्री उशिरा पोचलात तर किल्ली देण्याचे वेगळे घेतात.

“आणि व्हिसा,” भाऊ म्हणाले. “शेंगेनची फी माणशी 90 युरो. नाकारला तरी ती परत नाही, तिला इलाज नाही. पण राहण्याची सोय कुठे केलीय त्याचा कागद अर्जाबरोबरच लावायचा असतो. म्हणजे आधी बुकिंग आणि मग व्हिसा. व्हिसा नाही मिळाला तर सात रात्रींचे पैसे पाण्यात! म्हणून पैसे परत मिळणारं बुकिंग असेल तेवढंच माझ्या वहीत. मग चार युरो जास्त जाऊ देत. आणि कागदावर दोघांचीही नावं पाहिजेत.”

“पैसे बाहेरून पाठवा, वीस टक्के कमी करतो म्हणाला होता की एकजण,” वहिनी म्हणाल्या.

“त्याचं नाव मी वहीत लाल शाईनं लिहिलंय.”

वहिनींच्या मावसभावाचा मुलगा पॅरिसजवळ नोकरीला आहे, हे मला तेव्हाच कळलं. त्याच्याकडेच उतरलं तर? भाऊंनी तेही चौकशी करून ठेवलं होतं. घरी पाहुणा ठेवायचा तर यजमानानं तिथल्या नगरपालिकेत जायचं, घर केवढं, पगार किती याचे कागद द्यायचे, 30 युरोचा स्टँप लावायचा आणि पाहुण्याच्या नावाचं पत्र घ्यायचं. मग ते पत्र इकडे व्हिसाला लावायचं. “आणि एवढं करून,” वहिनी हळूच म्हणाल्या, “त्याची बायको कशी आहे ते तुम्हाला माहीत नाही.” तो विषय तिथंच संपला. मला मात्र तो संपायला नको होता.

एवढ्यात मागच्या बंगल्यातल्या माई काठी टेकत आल्या. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असतं.

“काय गं, तिकडे पाण्याची सोय असते का?”

“नळाचं पाणी पितात माई, चांगलं असतं.”

“ते नाही विचारत. सकाळच्या पाण्याची.”

“नसते. कागद असतो.”

माईंनी वहिनींकडे दया येऊन बघितलं. मी म्हटलं, बॅगेत प्लॅस्टिकचा मग टाका, की प्रश्न सुटला. खरा घोळ वेगळाच आहे. बऱ्याच जुन्या घरांत संडास एका कोपऱ्यात आणि हात धुवायची जागा दुसरीकडे असते. लहान खोलीत न्हाणीला नुसतं सरकतं दार असतं, भिंत असल्याचा भास. आणि गरम पाण्याची टाकी छोटी. पहिल्यानं ऐसपैस अंघोळ केली की दुसऱ्याला गार. ह्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. आधी राहून गेलेल्यांनी लिहिलेलं असतं त्यात सापडतात, आणि तेही पाच तारे देणाऱ्यांत नाही. तीन तारेवाल्यांचं वाचायचं. पाचवाला खुशीत असतो, एकवाला भांडून निघालेला असतो, तीनवाला सांगतो की खिडकीखाली बार आहे आणि तो रात्री दोनला बंद होतो.

“आणि फोडणी?” माई.

फोडणी! हा मुद्दा मीच विसरले असते. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे. एका खोलीच्या घरात शेगडी आणि अलार्म यांत चार पावलांचं अंतर. लेकीकडे मी पहिल्या दिवशी मोहरी तडतडायला टाकली, वर मिरची टाकली, आणि छतावरची ती पांढरी डबी अशी किंचाळली की समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. पुढे त्यांनीच माझ्याकडून कोशिंबिरीची कृती लिहून घेतली. म्हणून स्वयंपाकघराला खिडकी आहे का ते फोटोत शोधायचं. शेगडी बहुधा विजेची किंवा इंडक्शनची असते. आपला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर मख्ख बसून राहतो, तेव्हा खालून स्टीलच्या तळाचा छोटा कुकर न्यावा. चार्जरचं मात्र काही नाही, आपली दोन काड्यांची पिन तिथं बसते. वीजही 230 व्होल्टचीच.

“मग हे बघा,” वहिनींनी पुढचा फ्लॅट दाखवला. “गार द्यु नोर स्टेशनजवळ. विमानतळावरून थेट लोकल येते म्हणे अर्ध्या तासात. आणि जवळ गणपतीचं देऊळ आहे!”

देऊळ आहे, खरंच आहे. अठराव्या वॉर्डात, ला शापेलला. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी 1985 मध्ये स्थापन केलेलं. आपल्या गणेशोत्सवाच्या सुमारास त्यांचा रथ निघतो, रस्त्यात नारळ फुटतात, आणि फ्रेंच माणसं फुटपाथवर उभी राहून प्रसाद खातात. त्या भागात कढीपत्ता, नारळ, शेवग्याच्या शेंगा, इडलीचं पीठ, सगळं मिळतं. (भिंतीपाशी उभं राहून कढीपत्त्याच्या किमती सांगायचा मोह मी आवरला. तिथला भाव ऐकला असता तर वहिनींनी माझं तोडणं बंद केलं असतं.) पण पहिल्यांदाच परदेशात, गळ्यात मंगळसूत्र, हातात दोन सूटकेसा, आणि युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या स्टेशनाबाहेर रात्रीचं घर शोधायचं, हे मला नको वाटतं. खिसेकापू तिथं भरपूर. दर्शनाला मेट्रोनं जा, भाजी आणा आणि झोपायला दुसरीकडे या.

मोंमार्त्रचा एक होता, तो भाऊंनीच खोडला. टेकडी आहे ती. साक्रे-करच्या चर्चकडे जाणाऱ्या एका जिन्याला 222 पायऱ्या आहेत, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

आता मेट्रोचं. नकाशात ‘मेट्रो दोन मिनिटांवर’ म्हटलं की लोक खूश होतात. पण कुठली लाइन, हे कोणी विचारत नाही. पॅरिसची मेट्रो 1900 सालची. जुन्या स्टेशनांत सरकते जिने असले तर असले, लिफ्ट जवळपास नाहीतच, आणि गाडी बदलायची म्हणजे बोगद्यातून जिने चढ-उतार. त्यामुळे घर अशा लाइनवर हवं की दिवसातल्या बहुतेक फेऱ्या न बदलता होतील. माझ्या मते पहिली नाहीतर चौदावी. पहिली लाइन लूव्र, ट्युलरी बाग, शाँझ-एलिझे आणि आर्क द त्रियोंफ अशी सरळ गावातून जाते. चौदावी नवी आहे, सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहेत, आणि 2024 पासून ती ऑर्ली विमानतळापर्यंत जाते.

“म्हणून बारावा वॉर्ड बघा,” मी म्हटलं. “गार द ल्यों स्टेशनच्या आसपास ह्या दोन्ही लाइन मिळतात. नाहीतर पंधरावा. तिथं कुटुंबं राहतात, शाळा, बेकऱ्या, भाजीवाले. आयफेल टॉवर पायी गाठता येतो. फक्त बाकी गाव जरा लांब पडतं.”

भाऊंच्या वहीत बाराव्यातला एक होता, पण पाचव्या ओळीत. फोटो साधे. कुंड्या नाहीत, टॉवर नाही. खिडकीतून समोरची इमारत आणि खाली एक बेकरी. दुसरा मजला. लिफ्ट आहे असं स्पष्ट लिहिलेलं. 31 चौरस मीटर, म्हणजे 330 फुटांच्या वर. दोन खोल्यांचं म्हटलंय. तिथल्या हिशोबात बसायची खोलीही मोजतात, म्हणजे एक हॉल आणि एक झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी त्यात धरत नाहीत. पलंग 140 सेंटिमीटर रुंदीचा.

“एकशे चाळीस म्हणजे?” वहिनी.

“साडेचार फूट,” भाऊ म्हणाले. “आपला सहा आहे.”

“मग मी हॉलमधल्या सोफ्यावर.”

“बाकीच्या फ्लॅटमध्ये पलंग कुठे दिसतोय तुम्हाला?” मी म्हटलं. खरंच, वहिनींच्या आवडत्या फ्लॅटमध्ये फुलदाणीचे चार फोटो होते आणि पलंगाचा एकही नव्हता. बारकाईनं बघितलं तेव्हा कोपऱ्यात शिडी दिसली. पलंग माळ्यावर! साठीतल्या माणसांनी रात्री दोनदा शिडी उतरायची.

नोंदणी क्रमांकही बाराव्यातल्या त्या जाहिरातीत होता. तिथं घर असं थोड्या दिवसांसाठी द्यायचं तर महापालिकेकडे नोंद करून तो क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. गावातल्याच लोकांना भाड्यानं घरं मिळेनात, म्हणून नियम कडक होत गेलेत. माणूस स्वतः राहतो ते घर आधी वर्षाला 120 दिवस देता यायचं, 2025 पासून 90च. क्रमांक नसलेल्या घराचा मालक आयत्या वेळी ‘सॉरी’ म्हणून मोकळा होतो आणि आपण सूटकेसा घेऊन फुटपाथवर. म्हणून क्रमांक नाही तर फ्लॅट नाही, ह्यात भाऊंचं आणि माझं एकमत झालं.

शेजारी अलिग्रचा बाजार आहे, भाजी आणि फळं स्वस्त, फक्त सोमवारी बंद. जुन्या रेल्वेच्या कमानींवर बाग केलीय, ती बास्तीयपासून सुरू होते. चढ नाही, भाऊंच्या गुडघ्याला सकाळचं फिरणं होईल. एवढं सांगितल्यावर वहिनींचा चेहरा जरा खुलला, पण मोबाइलवरच्या त्या जिरेनियमवरून त्यांचं बोट काही हलेना.

“टॉवर बघायचाच आहे ना वहिनी? मग तो बाहेर जाऊन बघा. घरातून टॉवर दिसण्याचे पैसे कशाला द्यायचे? त्या सहा जिन्यांनंतर तुम्ही पडदा बाजूला करणार नाही, झोपणार आहात.”

“घ्या हो बाराव्यातला,” माईंनी निकाल दिला आणि काठी वळवली.

भाऊंनी त्या ओळीवर बरोबरची खूण केली. तारखांचं तेवढं राहिलं होतं. 1 आणि 8 मे ह्या तिथल्या सुट्ट्या, 1 मेला तर बहुतेक सगळं बंद, म्हणून महिन्याचा दुसरा पंधरवडा धरला. प्रवासाचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो, गुरुवारी घेतला तरी रविवारी संपतो, म्हणून सोमवारी पोचायचं. विमानतळापासूनचा प्रवासही त्याच पासात. विमान सकाळी उतरतं आणि घराची किल्ली दुपारी तीननंतर मिळते, तर मधल्या वेळात सामान ठेवू देणार का, असं घरमालकाला आजच लिहून विचारायचं ठरलं.

“मग सोमवारी विश्रांती,” वहिनी बोटं मोजत म्हणाल्या, “आणि मंगळवारी सकाळी सकाळी लूव्र.”

“मंगळवारी लूव्र बंद असतं, वहिनी. बुधवारी जा.”